‘काहून?’ विचारत जा

(शिरड शहापूर येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढील भाषण)



दिवसभराची कामे उरकून तुम्ही इथे आला आहात. कोणी रानातून आले. कोणी चुलीपुढून उठून आले. म्हणून मी फार पाल्हाळ लावणार नाही. एकच गोष्ट सांगणार आहे.

तुम्ही आता वाचायला शिकलात. सही करता येते. बसची पाटी वाचता येते. ही काही लहान गोष्ट नव्हे. पण अक्षर म्हणजे किल्ली आहे. किल्ली कमरेला खोवून हिंडले तर कुलूप उघडत नाही. ती फिरवावी लागते. अक्षराची किल्ली कशाने फिरते? प्रश्नाने फिरते.

आपल्याकडे कोणी ‘काहून’ म्हणतो, कोणी ‘कामून’ म्हणतो. शब्द कोणताही घ्या. तो रोज एकदा तरी तोंडातून निघाला पाहिजे.

घरातले लहान पोर पाहा. पाऊस वरूनच काहून पडतो? चंद्र आपल्यासंगं काहून चालतो? दिवसभर त्याचे चालूच. आपण त्याला म्हणतो, “गप बस, डोकं नको खाऊ.” आपल्यालाही लहानपणी कोणी असेच गप्प बसवले. मग आपण मोठे झालो आणि विचारायचेच विसरलो.

दाराला आतून अडसर लावतात, तसे मनालाही अडसर असतात. बाहेरच्याला ते काढता येत नाहीत. आपला आपणच काढावा लागतो. असे दोन अडसर मी तुम्हाला दाखवतो.

पहिला अडसर : “मला काय येणार?”

वर्गात या म्हटले की एखादी आजी म्हणते, “आता काय शिकू बाबा? गोवऱ्या मसणात गेल्या माझ्या.” एखादा गडी म्हणतो, “आपलं डोकंच चालत नाही.”

डोके चालत नाही कसे? जात्यावर बसलेल्या बाईला किती ओव्या तोंडपाठ असत, ते आठवा. हेमा राईरकर आणि गी पॉतवाँ या दोघांनी खेड्यापाड्यांतून बायांच्या ओव्या जमवल्या. त्या १ लाखाच्या वर भरल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक बाया कधी शाळेत गेल्या नव्हत्या. ज्यांनी इतके रचले आणि ध्यानात ठेवले, त्यांचे डोके चालत नव्हते असे कोण म्हणेल?

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तिथे २०१६ साली ८ मार्चला, म्हणजे महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. ६० वर्षांच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. कोणाला नीट दिसत नव्हते, कोणाला कमी ऐकू येत होते. तरी त्या पाटीवर अक्षर गिरवू लागल्या. अंगठा देणाऱ्या आजीबाई सही करू लागल्या. ही बातमी देशोदेशी गेली.

त्या आज्यांनी काय केले? “मला येणार नाही” हे म्हणायचे सोडले. त्याच्या जागी “मला अजून येत नाही” असे म्हटले. ‘अजून’ हा शब्द लहान आहे. पण त्याने अडसर सरकतो.

दुसरा अडसर : “मला सारे ठाऊक आहे”

हा अडसर पहिल्यापेक्षा जड असतो. तो शहाण्या माणसाच्या दारालाही असतो.

नामदेव महाराज आपल्याच भागातले. जवळचे नरसी हे त्यांचे जन्मगाव मानतात. त्यांची औंढ्याची कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. आज ती जरा वेगळ्या कानाने ऐका.

संतमंडळी जमली होती. गोरोबाकाका कुंभार. मडके पक्के की कच्चे, हे त्यांना थापटीने वाजवून कळे. त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटी मारून पाहिली. नामदेवांना राग आला. गोरोबा म्हणाले, “हे मडकं कच्चं आहे.” प्रत्यक्ष विठ्ठल ज्यांच्याशी बोले, असे लोक म्हणत, ते नामदेव कच्चे! त्यांना फार लागले.

पण पुढे त्यांनी काय केले ते पाहा. ते रुसून घरी बसले नाहीत. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे शिकायला आले. पाहतात तो काय! विसोबा देवळात आडवे झालेले आणि पाय खुशाल पिंडीवर. नामदेव म्हणाले, “अहो, देवावर पाय काय ठेवता?” विसोबा म्हणाले, “बाबा, मी म्हातारा झालो. जिथं देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव.” नामदेवांनी पाय उचलले. जिकडे ठेवावे तिकडे पिंड!

विसोबांनी लांबलचक उपदेश केला नाही. एक प्रश्न पुढे टाकला : देव कुठे नाही? त्या प्रश्नाने नामदेवांच्या मनाची गाठ सुटली.

एवढा मोठा संत शिकायला आला. मग “मला सारं ठाऊक आहे” असे म्हणणारे आपण कोण? “मला ठाऊक नाही, सांगा बरं” हे म्हणण्यात लाज नाही. आपल्या गावात मल्लिनाथांच्या दर्शनाला लांबून लोक येतात. ही मूर्ती इथे कशी आली, असे त्यांनी विचारले तर तुम्हाला सांगता येईल का? येत नसेल, तर उद्याच गावातल्या जाणत्याला विचारा.

रोजच्या वस्तूकडे नव्याने पाहा

आता सवयीकडे वळू. पहिली सवय पाहण्याची. जे रोज दिसते, ते आपण पाहतच नाही.

हळद आपली. हिंगोली जिल्ह्यात हळदीचे मोठे पीक आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ही याच भागाची हळद, अशी सरकारदरबारी नोंद झाली. घरोघरी हळद आहे. पण हळदीचा डाग पडलेल्या फडक्याला साबण लावला की डाग लाल काहून होतो, हे किती जणांनी विचारले?

घरी करून पाहा. पांढऱ्या चिंधीला ओली हळद लावा. त्यावर कपड्याचा साबण घासा. डाग लाल होईल. आता त्यावर लिंबू पिळा. डाग पुन्हा पिवळा होईल! हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचा हा गुण आहे. चुना, सोडा, साबण यांनी ते तांबडे होते. लिंबू, चिंच अशा आंबटाने ते परत पिवळे होते. शास्त्रात पहिल्यांना अल्क म्हणतात, दुसऱ्यांना आम्ल म्हणतात. हळदीला चुना लावून कुंकू करत, ते याच गुणावर. म्हणजे हळदी-कुंकवाच्या करंड्यात शास्त्र बसलेले आहे आणि आपण ते रोज बोटाने उचलतो.

हीच चिंधी धुऊन उन्हात टाका. डाग फिका पडत जाईल. मग आपोआप दुसरा प्रश्न सुचेल : दळलेली हळद काचेच्या बरणीत उजेडात ठेवावी का? नाही. बंद डब्यात, अंधारात ठेवावी. एका ‘काहून’मधून घरच्या उपयोगाची गोष्ट हाती आली.

ऐकले ते करून पाहा

दुसरी सवय करून पाहण्याची. सोयाबीनचे उदाहरण घ्या. मृग जवळ आला की कोणी म्हणतो, “घरचं बियाणं उगवत नाही.” कोणी म्हणतो, “दुकानातलं खोटं असतं.” दोघांचेही ऐका, पण त्यावर थांबू नका. मोजून पाहा.

बियाण्यातून १०० दाणे घ्या. चांगले निवडून घेऊ नका, सरसकट घ्या. गोणपाट ओले करा. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या १० ओळी मांडा. वरून दुसरे ओले गोणपाट घाला. गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. ६-७ दिवसांनी उघडा आणि चांगले कोंब मोजा. ७० किंवा जास्त निघाले, तर बियाणे पेरायला चांगले. थोडे कमी निघाले, तर एकरी बियाणे वाढवावे लागेल. फारच कमी निघाले, तर ते पेरू नका. दुबार पेरणीचे संकट टळेल.

कमी उगवले तर पुन्हा विचारा, काहून? सोयाबीनची साल फार पातळ असते. पोते आदळले, मळणीत मार बसला, की आतला कोंब दुखावतो. पुढच्या वर्षी पोती हळू उतरवाल.

याच सवयीने एका शेतकऱ्याने केवढे काम केले ते ऐका. दादाजी खोब्रागडे हे त्यांचे नाव. गाव नांदेड. आपल्या शेजारचे नांदेड नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे, ते. शिक्षण तिसरीपर्यंत. जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर सगळे एकत्र मळून मोकळा झाला असता. दादाजींनी त्या लोंब्या वेगळ्या ठेवल्या. पुढच्या साली वेगळ्या पेरल्या. पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. अशी काही वर्षे गेली. त्यातून बारीक, चवदार तांदळाचा नवा वाण निघाला. त्या वेळी एचएमटीचे घड्याळ फार गाजत होते. तेच नाव त्या तांदळाला पडले. हा तांदूळ अनेक राज्यांत पेरला गेला. दादाजींनी पुढे आणखीही वाण काढले. देशपातळीवर त्यांचा सन्मान झाला. पैका मात्र त्यांच्या घरी फारसा आला नाही. २०१८ साली ते वारले.

त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. पाहणारे डोळे होते आणि “हे वेगळं काहून?” हा प्रश्न होता.

अडले तर काय करावे?

शिकताना माणूस अडतोच. बैलगाडीही चिखलात अडते. म्हणून कोणी गाडी टाकून घरी जात नाही.

लांब शब्द आला तर तो फोडा. ‘ग्रामपंचायत’ हा शब्द एका दमात वाचवत नसेल, तर आधी ‘ग्राम’ वाचा, मग ‘पंचायत’ वाचा. मोठे काम असेच लहान करावे. मोठा हिशेब असेल तर आधी एका पोत्याचा करा, मग वीस पोत्यांचा.

तरीही जमले नाही, तर थोडा वेळ सोडून द्या. ओढली की गाठ आवळते, सैल सोडली की सुटते. बांधावरून एक चक्कर मारून या. रात्री झोप घ्या. सकाळी तीच गोष्ट सोपी वाटते, हा तुमचाही अनुभव असेल.

आणि दुसऱ्याला सांगून पाहा. “हे मला इथपर्यंत कळलं, पुढं कळत नाही,” असे सांगता सांगता निम्मे तुमचे तुम्हालाच उमगते.

एक वही जवळ ठेवा. रोज एक प्रश्न लिहा. पाऊस कोणत्या तारखेला पडला, पेरणी कधी केली, खताला किती पैसे गेले, हेही लिहा. दोन-तीन वर्षांनी ती वही तुम्हाला सल्ला देईल. शिवाय लिहिण्याचा सराव राहील. न वापरलेल्या विळ्याला गंज चढतो, तसे न वापरलेले अक्षर विसरते.

मोबाईल आता बहुतेक घरांत आहे. त्यालाही प्रश्न विचारा. पण त्यावर आलेले सगळे खरे नसते. तिथेही म्हणा, “हे कोणी सांगितलं? काहून सांगितलं?”

कागदापुढे गप्प बसू नका

शेवटी सर्वांत महत्त्वाचे सांगतो.

समोर कागद येतो. समोरचा माणूस घाईत म्हणतो, “इथं सही करा.” तुम्हाला वाचता येते. पण मनात येते, विचारलं तर हसतील, अडाणी म्हणतील. आणि आपण सही करून मोकळे होतो. पूर्वी अंगठा देत होतो, आता सही देतो. न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत फरक तो काय? अशा एका कागदाने जमीन जाते, घर गहाण पडते.

त्या वेळी इतकेच म्हणा : “थांबा साहेब, मी वाचतो. हा कागद कशाचा आहे? किती रुपये लिहिलेत? मला याची नक्कल मिळेल का?” वाचायला वेळ लागला तर लागू द्या. कळले नाही तर सही करू नका. कागद घरी न्या, जाणत्या माणसाला दाखवा. हसणारा घटकाभर हसेल. सही मात्र कायमची राहील.

माय-बहिणींनो, हे तुम्हाला तर जास्तच सांगतो. घरचे म्हणाले म्हणून सही करू नका. आधी वाचा. घरच्या माणसालाही ‘काहून’ विचारता येते. त्याने मान कमी होत नाही.

आज घरी गेल्यावर पोराने काही विचारले, तर त्याला गप्प बसवू नका. येत असेल तर उत्तर द्या. येत नसेल तर म्हणा, “मलाही ठाऊक नाही. चल, दोघं मिळून शोधू.”



वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा

१. मनाचे दोन अडसर कोणते? तुमच्या मनाला कोणता आहे?
२. लिंबू पिळल्यावर हळदीचा लाल डाग कसा झाला? घरी करून पाहा आणि वर्गात सांगा.
३. १०० दाण्यांपैकी ६२ उगवले. तुम्ही काय कराल?
४. सही करण्याआधी कोणते प्रश्न विचारावेत? ते वहीत लिहा.