घरची ज्वारी फुकट नाही

(परळच्या भोईवाड्यात, गावाकडून आलेल्या छोट्या धंदेवाल्यांपुढे केलेले भाषण)



भोईवाड्यात धंदा करणारे तुम्ही बहुतेक आमच्याच घरची पोरे. भाऊ गावी कोरडवाहूत ज्वारी-कापूस काढतो, तुम्ही इथे पोळी-भाकरी केंद्र नाहीतर पिठाची गिरणी चालवता. याच गिरणगावात खानावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणून बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँकेचे व्याज वहीत खर्च म्हणून लागते. गाळ्याचे भाडे, विजेचे बिल, गड्याचा पगार, यंत्राची झीजसुद्धा लागते. उरेल त्यावर कर. शेतीत खर्च जाऊन काय उरते, हे मात्र कुणी विचारत नाही! असो.

मग ज्वारीचे काय? गावाहून आलेल्या पोत्यांपुढे वही कोरी. 'घरचीच आहे, तिला कसला खर्च?' इथेच तुम्ही ठकता. आयकराचा नियम सांगतो, की स्वतःच्या शेतातला माल स्वतःच्या धंद्यात कच्चा माल म्हणून वापरला, तर त्याचा बाजारभाव धंद्याच्या खात्यातून वजा करायचा. समजा, जमीन तुमची, पाच क्विंटल ज्वारी आणली आणि त्या वर्षी बाजारात सरासरी भाव ३,००० रुपये. १५,००० रुपये खर्च लिहा. ती शेतीची कमाई. तिच्यावर कर नाही, फार तर धंद्याच्या कराचा दर ठरवताना ती मोजतील. भाकरीवर जास्तीचे सुटेल तो धंद्याचा नफा. बियाणे, खत, निंदणी मात्र पुन्हा धंद्यात घालता येत नाही.

जमीन भावाची असेल तर त्याला बाजारभावाने पैसे मोजा. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिले तर खर्च धरत नाहीत, हे खरे. व्यापारी हेच सांगून आपल्याला पुढच्या आठवड्याच्या चेकवर बोळवतो. पण पिकवणाऱ्याला त्याच्या मालापोटी दिलेल्या रोखीला यातून सूट आहे, हे तो सांगत नाही. २०१७ साली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रकच काढले: शेतकऱ्याने २ लाखांच्या आत रोखीने माल विकला तर व्यापाऱ्याचा खर्च नामंजूर होत नाही, शेतकऱ्याला पॅनही द्यावा लागत नाही. गावी कापूस विकणाऱ्या भावाला हे आजच कळवा. पावतीवर नाव, गाव, वजन, भाव, तारीख आणि सही-अंगठा हवा.

उलाढालीवर ठोक टक्क्याने नफा दाखवून कर भरणाऱ्यांना हे खर्च वेगळे मागता येत नाहीत. कुठला रस्ता स्वस्त पडतो, ते दोन्ही हिशेब मांडून बघा. आणि सल्लागाराला कलमाचा आकडा सांगत बसू नका. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात आकडे बदलले. ज्वारीच्या पावत्या त्याच्यापुढे ठेवा.