सूत तुटलं की माग थांबतो

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज कीर्तनाला नव्हे, बोलायला उभं केलंय. तेव्हा अभंग नाही, चाल नाही. विषय विश्वस्तांनीच दिलाय, की कामाच्या ठिकाणी माणसांनी माणसांशी कसं वागावं आणि काम कसं चालवावं. चौथी शिकलेल्या शेतकऱ्याला हा विषय का दिला, असं काहींच्या तोंडावर दिसतंय. त्याचं कारण साधं आहे. आपल्या दिंडीतली घरं आता नुसत्या शेतावर राहिली नाहीत. घरटी एक तरी पोरगं चाकणला, रांजणगावला नाहीतर भोसरीला कंपनीत जातंय. वारीला यायचं की नाही हे त्याच्या मनापेक्षा त्याच्या सुपरवायजरवर ठरतंय. मग त्या कंपनीत काय चालतं ते आपल्याला ठाऊक नको का?

माझा पुतण्या कारखान्यात आहे. तिथं भिंतीवर जपानी शब्द रंगवलेत. मुदा, कायझेन, कानबान. त्याला ट्रेनिंगचं पुस्तक दिलं होतं, ते त्यानं मला रात्री बसून वाचून दाखवलं. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. या सगळ्या पद्धतीला ‘लीन’ म्हणतात. लीन म्हणजे सडसडीत, अंगावर फालतू मांस नाही असं. मी म्हणलं, आपल्या बैलासारखं का? तो म्हणाला, होय तात्या, तसंच. मग मी म्हणलं, अरे, सडसडीत बैलाच्या बरगड्या दिसतात आणि उपाशी बैलाच्याही दिसतात. तुमच्या कंपनीतला कुठला? पोरगं गप झालं.

माझं आजचं सगळं बोलणं त्या एका फरकावर आहे.

जपानात साकिची टोयोडा नावाचा माणूस होता. जन्म १८६७ चा. बाप सुतार, शिक्षण माझ्याएवढंच म्हणा. त्या गावाकडं घरोघरी बायका हातमागावर विणायच्या, त्याची आईही विणायची. ते कष्ट बघून त्यानं माग सुधारायचं मनावर घेतलं आणि १८९० साली पहिला लाकडी माग केला. पुढं यंत्राचे माग आले. पण यंत्राच्या मागाची एक खोड असते. एक सूत तुटलं तरी तो आपला चालूच राहतो आणि वाया गेलेलं कापड विणत बसतो. म्हणून प्रत्येक मागापाशी एक माणूस नुसता पाळतीवर उभा करायचा. साकिचीनं असा माग केला की सूत तुटलं की माग आपोआप थांबतो. १९२४ साली तो माग पुरा झाला. पाळतीवरचा माणूस मोकळा झाला, एकजण पुष्कळ माग सांभाळू लागला, आणि खराब कापड निघायचं बंद झालं. १९२९ साली इंग्लंडातल्या मोठ्या कंपनीनं त्या मागाचे हक्क विकत घेतले. त्याच्या मुलानं १९३७ साली मोटारींची कंपनी काढली, तीच टोयोटा.

म्हंजे बघा, ज्या पद्धतीचं नाव घेऊन आज पोरांना ‘पळा, पळा’ म्हणतात, तिची सुरुवात कशातनं झाली? थांबण्यातनं.

पुढं १९४५ ला जपान लढाई हरला. पैसा नाही, लोखंड नाही. अमेरिकेसारखे मालाचे ढीग करून ठेवणं परवडणार नव्हतं. तिथं ताईची ओहनो म्हणून एक अधिकारी होते. त्यांनी ठरवलं की पुढच्याला लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच करायचं. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानात फळीवरचा माल गिऱ्हाइकानं उचलला की तेवढाच परत भरतात, तीच युक्ती त्यांनी कारखान्यात आणली. किती लागलं त्याची चिठ्ठी मागं जाते. तीच कानबान. आणि नासाडीचे सात प्रकार त्यांनी सांगितले, त्यात सगळ्यात वाईट म्हणजे नको तेवढं करून ठेवणं. कांद्याची चाळ ज्यानं भरली त्याला हे सांगायला नको. वरनं चाळ भरलेली दिसते, आत काय सडलंय ते उपसल्यावरच कळतं. (आता आपला भाव आपल्या हातात नाही ही गोष्ट वेगळी. त्यावर बोलायला दुसरा दिवस लागेल.)

पण मला जी गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली ती एका दोरीची आहे. टोयोटाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांच्या डोक्यावरनं एक दोरी गेलेली असते. कुणालाही, अगदी काल लागलेल्या पोरालाही, काही चूक दिसली की त्यानं दोरी ओढायची. दिवा लागतो. टोळीचा म्होरक्या त्याच्यापाशी चालत येतो. दोघांनी मिळून तेवढ्या वेळात नीट झालं तर ठीक, नाहीतर अख्खी लाईन उभी राहते. बोलावणारा खालचा आणि येणारा वरचा, हे ध्यानात घ्या.

ही जपानी माणसांनाच जमणारी गोष्ट आहे असं कुणी म्हणेल. तर अमेरिकेत फ्रेमाँट गावी जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. दांड्या, दारू, भांडणं, आणि काही झालं तरी लाईन थांबवायची नाही असा दंडक. १९८२ ला तो बंद पडला. १९८४ ला टोयोटानं त्याच कंपनीबरोबर भागीत तो परत चालू केला. कामगार बहुतेक तेच जुने. त्यातल्या काहींना जपानला नेऊन काम दाखवलं, आणि परत आल्यावर त्यांच्या हातात दोरी दिली. थोड्याच काळात तिथली गाडी जनरल मोटर्सच्या चांगल्यातल्या चांगल्या कारखान्यांच्या तोडीची निघायला लागली. माणसं बदलली नव्हती. त्यांच्याशी वागायची तऱ्हा बदलली होती.

हे वाचून झालं तेव्हा मला पालखीतळ दिसायला लागला. तुम्ही सगळे तिथं उभे राहिलेले आहात. माऊलींच्या सोहळ्यात मुक्कामाला समाजआरतीच्या आधी चोपदार चोप उंच करतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात शांत होतो. हरवलं-सापडलं सांगतात, उद्याची निघायची वेळ सांगतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग काय होतं? चोपदार त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, आणि ते मिटल्यावरच टाळ थांबतात. तोवर आरती खोळंबते. खोळंबा कुणी केला म्हणून त्या दिंडीवर कुणी डाफरत नाही. सोहळ्याला शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर सरदारांच्या पदरी राहिलेले होते, त्यांना फौजेचा हुकूम काय असतो ते ठाऊक होतं. तरी आपल्या सोहळ्यात तक्रारीला अशी जागा आहे.

आता यावरनं कुणी म्हणेल की जपान्यांनी आपल्याकडनंच उचललं. मला असलं बोलणं पटत नाही. त्यांचं त्यांनी शोधलं, आपलं आपल्याकडं होतं. आणि फरकही मोठा आहे. टाळ वाजवणाऱ्याचा पगार कुणी कापत नाही. कंपनीतल्या पोराच्या डोक्यावर गाडीचा हप्ता असतो, घरी म्हातारी आजारी असते. त्याला दोरी ओढायला आपल्यापेक्षा जास्त छाती लागते.

ओहनो यांची आणखी एक सवय होती. काही बिघडलं की एकदा ‘का’ विचारून थांबायचं नाही, पाच वेळा विचारायचं. मी ते आपल्या दिंडीवर लावून बघितलं. मागं एका वारीत दुपारचं जेवण रोज उशिरा व्हायचं आणि सगळे आचाऱ्याच्या नावानं ओरडायचे. जेवण उशिरा का? चूल उशिरा पेटते. का? पातेली ट्रकातनं लवकर निघत नाहीत. का? त्यांच्यावर वळकट्यांचा ढीग असतो. का? लोक वळकट्या शेवटी आणून टाकतात. का? कारण निघायची वेळ तळावर सांगतात, आणि मुक्कामी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत ती पोचतच नाही. आचाऱ्याचा काय दोष? तळावरनं येणाऱ्या एकानं राहुटी-राहुटीला वेळ सांगायची एवढं ठरवलं आणि जेवण वेळेवर व्हायला लागलं. पैसा खर्च झाला नाही.

पण हीच पाच ‘का’ दुसऱ्या एका ठिकाणी लावली तर घशाखाली घास उतरत नाही. आपल्याच भागातला एक पोरगा, नाव सांगत नाही, एका शेडमध्ये प्रेसवर होता. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबायची, म्हणजे हात आत असताना प्रेस खाली येऊ नये. साकिचीच्या मागाचाच विचार, तो यंत्रातच बसवलेला असतो. त्या पोराची उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालक म्हणाला, पोराचं लक्ष नव्हतं. मालकाचा पहिला ‘का’ तिथंच संपला. मी पोराच्या खाटेपाशी बसून पुढचे विचारले. हात आत असताना प्रेस आला कसा? एक बटण तारेनं बांधून ठेवलं होतं. का? एका हातानं नग जास्त निघतात. जास्त का लागायचे? दोन मशीनवरची दोन माणसं होती, त्यातला एक कमी केला आणि नगांचा आकडा तोच ठेवला. का कमी केला? लीन करायचं होतं म्हणून. मग तू बोलला का नाहीस? त्यावर तो म्हणाला, मागं एकजण बोलला होता, ठेकेदारानं त्याला सांगितलं की उद्यापासनं येऊ नको.

त्या शेडच्या भिंतीवरही जपानी शब्द होते म्हणे.

हा उपाशी बैल. माणूस कमी केला की चार दिवस हिशेब चांगला दिसतो. ओहनोंच्या पद्धतीत काम सोपं करून माणूस मोकळा झाला तर त्याला दुसऱ्या कामाला लावायचं असतं. घरी पाठवायला लागलात तर उद्या कोण तुम्हाला काम सोपं करायची युक्ती सांगेल? आपल्या पायावर कोण धोंडा मारून घेईल?

या मंडपात शेड चालवणारे तीन-चारजण आहेत. आपलीच माणसं आहेत, दिंडीला हात सैल सोडून देतात, त्यांच्यावर माझा राग नाही. वरच्या कंपनीची घाई, बँकेचा तगादा, त्यांनाही कळ आहे. त्यांना एवढंच सांगतो. ओहनो खडूनं जमिनीवर गोल काढायचे आणि अधिकाऱ्याला म्हणायचे, इथं उभा राहा आणि बघ. तासन्‌तास उभं करायचे असं सांगतात. तुम्ही एका रात्रपाळीला आपल्या प्रेसपाशी तसे उभे राहा. फोन बाहेर ठेवा. कुठलं बटण बांधलंय ते बघा, आणि ज्यानं बांधलंय त्याच्यावर ओरडायच्या आधी त्याला विचारा, किती नग मागितलेत तुझ्याकडं.

आणि पोरांनो, एकट्यानं दोरी ओढायची नाही. टाळ कधी एकाचा वाजत नाही, दिंडीचा वाजतो. चौघंजण मिळून बोला, तारीख-वार घालून वहीत लिहून ठेवा.

आता आपल्या घरचं. गेल्या वारीत भाकरीच्या चुलीवरच्या बायकांनी दोनदा सांगितलं होतं, की पिठाची पोती ट्रकातनं उतरवायला एक गडी द्या, आमच्यानं आता होत नाही. त्यांचे टाळ अजून वाजतायत. गडी अजून दिलेला नाही. विश्वस्त इथंच बसलेत, त्यांनी जेवणाच्या पंगतीआधी त्या बायकांपाशी जाऊन यावं.

रामकृष्ण हरी.