घाटात बंद पडलेली गाडी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, पाककला नि शिवणकाम यांतल्या जाणत्या इथे पुष्कळ आहेत. मी काय बोलणार? त्यावर आपल्या कार्यवाह म्हणाल्या, "तुमची गाडी बंद पडते ना, तेच सांगा!" आपल्यापैकी बऱ्याच जणी आता स्वतः गाडी चालवतात, म्हणून सांगते.

गेल्या वैशाखात सासूबाईंना घेऊन मी पुण्याहून साताऱ्यास निघाले होते. खंबाटकीचा घाट चढताना इंजिन एकाएकी थांबले. आचका नाही, आवाज नाही. दिवा विझावा तसे. स्टिअरिंग जड झाले. अशा वेळी ब्रेकही जड होतो, परंतु एकदोनदा तो नेहमीसारखा लागतो. उगाच पुन्हा पुन्हा दाबून ती शिल्लक संपवू नये. गाडी चालती असताना किल्लीही काढू नये, स्टिअरिंगला कुलूप बसते. होता तेवढ्या वेगात मी गाडी डावीकडे घेतली, हँडब्रेक ओढला, चारी दिवे लुकलुकते केले, मागच्या चाकांना दगड लावले आणि सासूबाईंना डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून दूर उभे केले. मागून ट्रक येत असतात. आत बसून राहू नये. मग महामार्गाच्या मदतीसाठी असलेला १०३३ हा क्रमांक फिरवला.

सासूबाई म्हणाल्या, "ऊन लागलं असेल गं तिला. निवू दे जरा." मला हसू आले. पण अर्ध्या तासाने गाडी खरोखरच सुरू झाली!

पुण्यात गॅरेजवाल्याने पाहिले न पाहिले नि सांगितले, पेट्रोलचा पंप गेला. १८,००० रुपये. भिशीचे पैसे मी त्यात घातले. आठव्या दिवशी गाडी पुन्हा बंद! घरात बोलणी बसली ती वेगळीच.

मग मी हिशेबाच्या वहीत मागचे एक पान गाडीसाठी काढले. बंद पडली केव्हा, त्याआधी किती वेळ चालली, पुन्हा सुरू कधी झाली, काटे काय दाखवत होते. तीन नोंदी झाल्या. तिन्ही वेळा चाळीसेक मिनिटे चालल्यावर, भर दुपारी. नि गाडी अजून घरंगळत असतानाच इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा एकदम शून्यावर.

ही वही घेऊन एका वयस्क मेकॅनिककडे गेले. त्यांनी ती दोनदा वाचली. "ताई, काट्याचं लिहिलंत हे फार बरं केलंत." इंजिनाचा मुख्य दांडा कुठवर फिरला, हे गाडीतल्या संगणकास कळवणारा एक लहानसा सेन्सर असतो. तो मुका झाला की संगणक ठिणगीही देत नाही, पेट्रोलही नाही. आमचा सेन्सर तापला की आतली तार तुटल्यासारखी होई, निवला की जुळे. त्यांनी अंगणात इंजिन तापवून बंद पडू दिले, मीटर लावून दाखवले, निवल्यावर पुन्हा दाखवले. मगच नवा बसवला. मजुरीसह २,१०० रुपये! जुना त्यांनी न मागता कागदात गुंडाळून माझ्या हाती दिला.

पहिल्या गॅरेजात मी जुना पंप मागायला गेले. तो भंगारात गेला म्हणाले. १८,००० काही परत आले नाहीत. भिशी पहिल्या हप्त्यापासून पुन्हा सुरू केली आहे. सासूबाई मात्र भेटेल त्याला सांगतात, "मी घाटातच म्हटलं होतं."