महादेवाच्या डोंगरांतून असीरगडाकडे

बऱ्हाणपूरहून खांडव्याकडे जाणारा रस्ता तापीचे खोरे मागे टाकून सातपुड्याला भिडतो, तेथे सुमारे वीस किलोमीटरवर असीरगड उभा आहे. सातपुड्याची रांग येथे किंचित मोडली आहे. त्या खिंडीतून उत्तरेकडची लष्करे शतकानुशतके दक्षिणेत उतरली, आणि पुढे आगगाडीलाही तीच सोयीची वाटली. गडाला 'दख्खनचा दरवाजा' म्हणत. प्रत्यक्ष अकबराला तो १६०१ साली हाती आला तो दीर्घ वेढ्यानंतर. गडावर महादेवाचे देऊळ आहे, आणि पहाटे अश्वत्थामा येऊन पिंडीवर फूल वाहून जातो, अशी पंचक्रोशीची श्रद्धा आहे. हौशी प्रवासी बहुधा ते फूल पाहायला गड चढतो आणि दुपारी उतरतो. तटावरून पूर्वेकडे पाहत थोडा वेळ थांबला, तर त्याला डोंगरांमागे डोंगर दिसतात. तेच पुढे पचमढीच्या महादेव डोंगरांना जाऊन मिळतात.

पचमढी ते असीरगड हे अंतर पक्ष्याच्या रेषेत मोजले तरी दीडशे मैलांहून अधिक भरते. माणसाच्या पायांना ते किती पडते, हे सातपुड्यात चालल्याखेरीज कळत नाही. सातपुडा हा सह्याद्रीसारखा एका धारेचा डोंगर नव्हे. रांग, पठार, दरी, पुन्हा रांग, अशी त्याची ठेवण आहे. पूर्वेकडून पश्चिमेला निघालेल्या माणसाला देनवा, तवा, मोरन, गंजाल या नद्या एकामागून एक आडव्या येतात, कारण त्या साऱ्या उत्तरेला नर्मदेकडे धावतात. नदी सोबतीला घेऊन चालावे, ही सोय येथे नाही. प्रत्येक खोऱ्यात उतरायचे आणि पुन्हा चढायचे. १८१९ च्या फेब्रुवारीत नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले याच मुलखातून जीव घेऊन असीरगडाकडे आले.

आप्पासाहेबांना वीरपुरुष ठरवण्याचे कारण नाही. त्यांचे चुलतबंधू परसोजी यांच्या खुनाचा संशय त्यांच्यावर होता. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई ते हरले, डिसेंबरात नागपूर गेले आणि पुढच्या वर्षी ते इंग्रजांचे कैदी झाले. अलाहाबादेकडे नेत असता १८१८ च्या मे महिन्यात जबलपूरजवळच्या मुक्कामावरून, पहाऱ्यातल्या शिपायांना फितवून, शिपायाच्याच वेषात ते रात्री निसटले. तेव्हा त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती. पालखीत वाढलेला हा तरुण महादेवाच्या डोंगरांत शिरला आणि गोंडांच्या आश्रयाने राहिला. हर्रईचा गोंड राजा चैनशहा त्यांच्या बाजूने उभा राहिला.

त्याच महिन्यात, त्याच सातपुड्यात पश्चिमेकडे, दुसरा एक मराठी धनी अडकून पडला होता. पेशवे दुसरे बाजीराव असीरगडापासून थोड्याच कोसांवर धुळकोटला तळ देऊन होते. त्यांच्याबरोबर फौज होती, अरबांची पथके होती, कुटुंबकबिला होता आणि जडजवाहिर होते. एवढा लवाजमा रानात फार दिवस राहू शकत नाही. जनावरांना वैरण लागते, माणसांना धान्य लागते, अरबांना पगार लागतो. नर्मदेचे उतार इंग्रजांनी धरले होते. ३ जून १८१८ रोजी बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. त्यांच्या जागी दुसरा कोणी काय करता, हा वाद येथे नको; परंतु रानाचा एक नियम त्या तळावर स्पष्ट दिसला. ज्याच्याजवळ सोडवणार नाही असे फार आहे, त्याला डोंगर आसरा देत नाही.

आप्पासाहेबांजवळ सोडण्यासारखे काही उरलेच नव्हते. पावसाळा त्यांच्या पथ्यावर पडला. नाले भरले की सातपुड्यातल्या वाटा मोडतात, तोफा आणि धान्याचे बैल जागच्या जागी बसतात. शिवाय हिवताप. 'रानाची हवा बाधते' असे तेव्हा म्हणत. डासाचा हात त्यात आहे हे १८९७ साली रॉनल्ड रॉसने दाखवून दिले. जुलैत बैतुलाजवळ कॅप्टन स्पार्क्सची लहानशी तुकडी गाठली गेली आणि कापली गेली. पकडून देणाऱ्यास मोठे इनाम जाहीर झाले, तरी डोंगरातून कोणी ते घ्यायला उतरला नाही. एका गोंड कुटुंबाच्या कैक पिढ्या त्यावर बसून जेवल्या असत्या. ज्यांनी झोपडीत जागा दिली, पुढची वाट दाखवली, कोदो-कुटकीची पेज वाढली, त्यांची नावे मात्र कोणत्याही बखरीत नाहीत.

हिवाळ्यात चित्र पालटले. ताप ओसरला, नाले आटले आणि इंग्रजी पलटणी चहूबाजूंनी महादेवाच्या डोंगरांकडे सरकू लागल्या. फेब्रुवारीच्या आरंभी आप्पासाहेब निघाले. बरोबर पेंढाऱ्यांचा प्रसिद्ध पुढारी चितू आणि मोजके घोडेस्वार होते. सातपुड्यात चालायला हा महिना खरोखर चांगला. नाल्यात पाणी असते, पण ते वाट अडवत नाही. पळसाला लाल कळ्या आलेल्या असतात. परंतु पळणाऱ्याला तोच महिना वैरी होतो. सागाची पाने गळू लागतात, झाडी विरळ होते, आणि वाळलेल्या पाचोळ्यावर घोड्याची टाप दूरवर ऐकू जाते. पठारावरच्या रात्री कडक थंडीच्या, आणि शेकोटी पेटवावी तर उजेड चुगली करतो. पाठलाग अखेरपर्यंत सुटला नाही. तरीही ते असीरगडापर्यंत पोहोचले, आणि शिंद्यांचा किल्लेदार यशवंतराव लाड याने त्यांना आसरा दिला.

चितूला तो आसरा लाभला नाही. तो एकटाच नर्मदेपलीकडच्या रानात गेला. काही दिवसांनी त्याचा घोडा खोगीरासह मोकळा चरताना सापडला. खोगिरात अडीचशे रुपयांची थैली, मुद्रेच्या अंगठ्या आणि आप्पासाहेबांची पत्रे होती. शोध घेता झाडीत वाघाने खाल्लेल्या देहाचे अवशेष मिळाले आणि शिरावरून ओळख पटली. ज्याच्या नावाने गावेच्या गावे ओस पडत होती, त्याचा हा शेवट माल्कमने तपशिलाने लिहून ठेवला आहे.

चार दशकांनी याच डोंगरांत कॅप्टन जेम्स फॉर्सिथ आला. १८६२ साली त्याने पचमढीच्या पठारावर बंगला बांधला, पुढे निमाडात जमाबंदीचे काम केले, आणि मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे त्याचे पुस्तक १८७१ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, निघाले. हत्ती, तंबू, बंदुका घेऊन केलेला तो हौसेचा आणि अभ्यासाचा प्रवास होता. पण वाघाचा माग काढायला त्यालाही रानातलाच माणूस पुढे लागत होता. आज महादेवाचे डोंगर सातपुडा व्याघ्रप्रकल्पात आहेत, आणि परवानगीशिवाय तेथील रानवाटांवर पाऊल टाकता येत नाही. पाठीवर पिशवी घेऊन जाणाऱ्या तरुणांच्या पुढे वाटाड्या चालतो, तो अजूनही बहुधा गोंड किंवा कोरकूच असतो.

आप्पासाहेब गडावर फार दिवस राहिले नाहीत. इंग्रजांनी १८ मार्चला पायथ्याची पेठ घेतली, आणि तोफांच्या माऱ्यानंतर ९ एप्रिल १८१९ रोजी असीरगड पडला. दरवाजे उघडले तेव्हा ज्याच्यासाठी हा खटाटोप झाला तो आत नव्हता. फकिराच्या वेषात ते आधीच निघून बऱ्हाणपुरास जाऊन राहिले होते. जागा चतुराईने निवडलेली होती. खुलदाबादेस ज्यांची कबर आहे त्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताच्या नावाने वसलेले हे शहर. दर्गे, मशिदी, तापीचे घाट, विणकरांचे मोहल्ले आणि दाही दिशांनी येणारे वाटसरू यांनी गजबजलेले. सुन्या रानात माणसाची एक पाऊलखूण पुरते; बऱ्हाणपूरच्या गल्लीत आणखी एका फकिराकडे मान वळवून पाहणार कोण?

तेथून ते उत्तरेकडे निघाले आणि लाहोरास रणजितसिंहांच्या राज्यात पोहोचले. पुढे हिमालयाच्या पायथ्याशी मंडी संस्थानात काही काळ गेला, आणि शेवटी जोधपूरच्या महाराजा मानसिंहांनी त्यांना ठेवून घेतले. बाजीराव बिठूरास आठ लाखांच्या पेन्शनीवर १८५१ पर्यंत जगले. आप्पासाहेब १८४० साली जोधपुरात वारले.