हॅटट्रिकमधली हॅट



‘हॅटट्रिक’मध्ये हॅट कुठून आली? १८५८ साली इंग्लंडात शेफील्डच्या मैदानावर स्टीफन्सनने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. लोकांनी वर्गणी काढून त्याला हॅट घेऊन दिली. ट्रिक म्हणजे करामत. तिच्या बक्षिसावरून शब्द पडला.

१९८७ साली नागपुरात चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक केली, तिघेही त्रिफळाचीत. तोवर हॅट देण्याची रीत मागे पडली होती, शब्द तेवढा राहिला.

आपल्याकडं कुस्ती मारली की पैलवानाला फेटा बांधतात. मान तोच.

दहावीत आपल्यातल्या एकानं वडगावात हॅटट्रिक करून मॅच जिंकून दिली. आपण नुसते ओरडलो. तो आज मागच्या रांगेत बसलाय. वर्गणीतून फेटा आणलाय. गड्या, पुढं ये!