परमुलखातली रुग्णसेवा

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांला 'तरुण पिढी आणि नोकरी' असा विषय दिला होता. विषय फार मोठा आहे आणि आमचा जन्म सूतगिरणीच्या खात्यात गेला. म्हणून त्यातला एकच तुकडा आम्ही घेतो. आपल्या आळीतली काही मुलेमुली हल्ली रुग्णवाहिकेवरच्या, दवाखान्यातल्या कामाचे शिक्षण घेऊन परमुलखात जायला निघाली आहेत आणि घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, "तिकडं कोण हाय आपलं?" या प्रश्नावरच बोलायचे आहे.

पहिल्यांदा हे काम काय ते समजून घेऊ. इंग्रजीतून आलेला पॅरामेडिक हा शब्द सरकारी मराठीत निमवैद्यकीय असा केला गेला. आम्हांला तो शब्द आवडत नाही. निम म्हटले की लोकांना नीम हकीमच आठवतो! वास्तविक या माणसाचे काम अर्धवट नाही. डॉक्टरच्या टेबलापर्यंत पेशंट जिवंत पोचवणे हे ते काम. अपघातानंतरचा पहिला तास, ज्याला सुवर्ण तास म्हणतात, तो याच माणसाच्या हातात असतो. हृदय बंद पडले तर छातीच्या मधोमध, निदान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने दाबत राहायचे, तेही धावत्या गाडीत. हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

आपल्या देशात १०८ नंबरची गाडी प्रथम २००५ साली, १५ ऑगस्टला, हैदराबादेत सुरू झाली. महाराष्ट्रात ती २६ जानेवारी २०१४ ला आली. त्या वेळी ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत श्वासयंत्रासह सगळी साधने आणि ७०४ गाड्यांत प्राथमिक साधने. फोन घेणारी खोली आपल्या पुण्यातच, औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारात. एक फरक मात्र आईबापांनी ध्यानात घ्यावा. आंध्र-तेलंगणाकडे गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, तर महाराष्ट्राने सुरुवातीपासून गाडीवर डॉक्टर नेमला. सबब, पॅरामेडिकचा अभ्यासक्रम केलेल्या इथल्या पोराला पुष्कळदा दुसरे राज्य, मोठ्या शहरातले खासगी रुग्णालय किंवा कारखान्याची रुग्णवाहिका गाठावी लागते. घराजवळ काम मिळाले तर उत्तमच, पण तेवढ्या आशेवर शिक्षण घेऊ नये.

आणि शिक्षण घेताना डोळे उघडे ठेवा. चार खोल्या भाड्याने घेऊन 'शंभर टक्के नोकरी'चा बोर्ड लावणारे फार झाले आहेत. फी भरण्याआधी विचारा की तुमच्या प्रमाणपत्रावर परावैद्यक परिषदेची नोंदणी मिळते काय? प्रत्यक्ष सराव कोणत्या रुग्णालयात आणि किती तास? २०२१ साली केंद्राने या सगळ्या कामांसाठी वेगळा कायदा केला, त्यात आणीबाणीच्या रुग्णसेवेचे तंत्रज्ञही धरले आहेत. म्हणजे पुढे कागदाला महत्त्व येणार. कागद कच्चा असेल तर परमुलखात पोराला कोणी दारात उभे करणार नाही.

आता परमुलखाचे. भोर-वेल्ह्याच्या माणसाला हे नवीन आहे काय? आपला डोंगराळ मुलूख, भाताची खाचरे, वर्षातून एक पीक. गडी मुंबईला जायचे. गावकीची खोली असायची. एका खोलीत पंधरा-वीस गडी, पाळीप्रमाणे झोपायचे. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रातपाळीवाला. आम्ही स्वतः बदली म्हणून लागलो तेव्हा ८२ च्या संपाने गिरणगावाचे कंबरडे मोडून गेले होते. तरी ओळखीचा जॉबर होता, खानावळवाल्या मावशी होत्या. परमुलुख असा नव्हताच तो. अर्धे भोर तिथेच भेटायचे!

परंतु गिरणीतही जात सुटली नव्हती, हे मुलांना ठाऊक असावे. विणखात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या लोकांना घेत नसत. कारण काय, तर धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आमचे तोंड लागलेला धागा दुसऱ्याला चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. सांगायचा मुद्दा हा की गाव बदलले म्हणजे सगळे बदलते अशी समजूत करून कोणी निघू नये.

आमच्या ओळखीतली एक मुलगी नर्सिंग करून दुसऱ्या विभागातल्या एका तालुक्याच्या गावी हजर झाली. गावाचे नाव सांगत नाही. नोकरी चांगली. पण खोली मिळेना. घरमालकीण आधी विचारी, "जेवण काय करता?" मग विचारी आडनाव. आडनावावरून उलगडा झाला नाही तर "कुलदैवत कुठलं?" असे तीन आठवडे गेले. दिवसा ज्या बायांना ती बाळंतपणात हात देई, त्यांच्याच आळीत तिला रात्री टेकायला जागा नाही. शेवटी दवाखान्यातल्या शिपायाने आपल्या घराची पुढची पडवी दिली. त्याची जात आम्ही विचारली नाही आणि तिनेही सांगितली नाही. ती अजून तिथेच आहे, आता तर लोक तिला नावाने हाका मारतात. तीन आठवडे मात्र ती विसरलेली नाही, आणि का विसरावेत?

अशा गोष्टी ऐकून आयाबहिणी म्हणतात, नको ग बाई ती नोकरी. त्यांना आम्ही दोन माणसे दाखवतो.

पहिली सावित्रीबाई फुले. आपल्या शेजारचीच. नीरा ओलांडली की शिरवळ, तिथून नायगाव लांब नाही. १८९७ च्या प्लेगात त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना उघडला. लोक घरातल्या आजाऱ्याला हात लावायला भीत होते. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या आपल्या वस्तीतल्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. वय सहासष्ट. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांच्या शाळेबद्दल आपण दर ३ जानेवारीला बोलतो. हे पाठीवरून पेशंट नेणे मात्र दोन वाक्यांत उरकतो. आमच्या मते रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या प्रत्येक मुलीने त्यांचा फोटो गाडीत लावायला हवा.

दुसरे डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, गरिबीत वाढलेले, नागपूरला डॉक्टरी शिकले आणि १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. बिरवाडी म्हणजे आपला वरंध घाट उतरून महाडकडे निघाले की त्या अंगाला. मराठवाड्यातला माणूस कोकणच्या पावसात! तिथे विंचू चावून धडधाकट माणसे, लहान पोरे मरत होती. आधी मांत्रिक आणि मग दवाखाना. बावस्करांनी बदलीसाठी खटपट करण्याऐवजी रात्र रात्र पेशंटजवळ बसून नोंदी केल्या. माणूस हृदयावर ताण येऊन, फुफ्फुसात पाणी भरून दगावतो हे दाखवले आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर चालते हे सिद्ध केले. पूर्वी शंभरात चाळीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण एकवर आले. विलायतेतल्या लॅन्सेट साप्ताहिकाने त्यांचे लिखाण छापले. २०२२ ला पद्मश्री मिळाली. ते डॉक्टर, आपली मुले तंत्रज्ञ, हा फरक आहेच. पण नव्या मुलखात माणसे कशाने मरतात ते आधी बघायचे, हे त्यांच्याकडून कोणीही शिकावे.

कारण प्रत्येक मुलुख वेगळा असतो. आपलाच घ्या. हायवेवर सारोळा, कापूरहोळ, खेड-शिवापूर इकडे अपघात. आत शिरगाव-हिर्डोशीकडे, भुतोंड्याच्या खोऱ्यात, तिकडे केळद-पासलीला पावसाळ्यात दरड, आणि भातलावणीच्या दिवसांत साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर मिळून एकच लस असते. जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायचे नाही, चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि थेट दवाखाना. हे आपल्या घरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ पाहिजे. वाडीपर्यंत गाडी पोचत नसेल तर अजूनही झोळी करून माणूस आणतात. फोनला रेंज नसते. "वढ्याच्या वरल्या अंगाला, जुन्या जांभळीपाशी" असा पत्ता सांगतात. अशा वेळी लातूरहून किंवा नांदेडहून नवा आलेला डॉक्टर काय करणार? आशाताईंचा आणि पोलीस पाटलाचा नंबर जवळ ठेवणे, सुटीच्या दिवशी मोटारसायकलवर एकेक वाडी बघून येणे, बुद्रुक कुठले आणि खुर्द कुठले ते वहीत लिहिणे, एवढे त्याने केले तर अर्धे काम झाले. बोलीही कानात बसवावी लागते. इकडची म्हातारी "कसंतरीच होतंय" म्हणते तेव्हा ते पित्त असेल नाहीतर हृदयसुद्धा असेल.

आपली मुले तिकडे जातील तेव्हा त्यांनीही हेच करायचे आहे. पहिला पगार झाला की मोबाईल बदलण्याआधी तीन महिन्यांचे खोलीभाडे बाजूला टाका, कारण कंत्राटी नोकरीत पगार पुढेमागे होतो. नेमणुकीचा कागद वाचून सही करा. पाळी किती तासांची, सुटी किती, अपघाती विमा आहे का, हे विचारायला लाजू नका. गिरणीत आमच्या मस्टरवरच्या एका सहीसाठी पोरे पाच पाच वर्षे झगडली आहेत. आणि रात्री दोनला रस्त्यावरचे रक्त धुऊन आलेल्या पोराचा फोन आला तर आईबापांनी "जेवलास का?" एवढे विचारून ठेवून देऊ नये. त्याला बोलू द्यावे.

शेवटी आपल्याकडचे. १०८ च्या गाडीवर, भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात, वेल्ह्याच्या (त्या तालुक्याला आता राजगड नाव मिळाले आहे) ग्रामीण रुग्णालयात बाहेरगावची मुलेमुली कामाला येतात. त्यांनाही कोणीतरी दारात उभे करून आडनाव विचारत असेल. आपल्या आळीत मुंबई-पुण्याला गेलेल्यांची घरे वर्षानुवर्षे कुलूप लावून पडली आहेत. पागोळ्यांनी भिंती चालल्या, तरी कुलूप निघत नाही! त्यांतल्या दोन-तीन खोल्या दुरुस्त करून वाजवी भाड्याने या मुलांना द्याव्यात, मग ती कुठल्याही जातीधर्माची असोत, असे आम्ही कार्यकारिणीपुढे मांडले आहे. महिला मंडळाने सुरुवातीचा महिना डबा देण्याचे कबूल केले आहे. कोणाच्या घराची चावी देता येत असेल त्यांनी दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे, तीत नाव लिहावे. पहिली चावी आमच्या धाकट्या बंधूंच्या घराची आहे, छपराची कौले तेवढी फिरवायची आहेत.

जयभीम.