बॅटरी चार्ज होते आहे, घरात कोण जागं आहे?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधी बोलणाऱ्याने आवरतं घ्यावं, हे मला ठाऊक आहे. दहाच मिनिटं द्या. आपल्यापैकी किती जणांनी जुन्या ई-स्कूटरमधली लेड-ॲसिड बॅटरी काढून लिथियम पॅक बसवला आहे? सात-आठ हात दिसतात. त्यातला एक माझा.

मी आणि भाच्याने मिळून घरीच ते काम केलं. स्कूटर हलकी झाली, चढावर पळू लागली. फक्त चार्जर जुनाच ठेवला. दोन्हींवर ४८ व्होल्ट लिहिलेलं, पिनही बसत होती. रोज रात्री दहाला प्लग लावायचा आणि झोपायचं. पॉइंट मुख्य दाराशेजारी, म्हणून पॅक तिथेच. आत ऐंशीच्या घरातल्या माझ्या आई झोपलेल्या.

तीन आठवड्यांनी एका रात्री सौ. पाणी प्यायला उठल्या. त्यांना नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. त्यांनी आधी प्लग काढला, मग मला उठवलं. पॅकचा एक कोपरा हाताला चटका देत होता. मी वीज खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. त्या रात्री घर वाचलं ते माझ्या शिक्षणामुळे नव्हे.

चूक कुठे झाली ते सांगतो. बाजारात ‘४८ व्होल्ट’ या एकाच नावाने तीन वेगळ्या वस्तू मिळतात. लेड-ॲसिडच्या चार बॅटऱ्यांचा चार्जर साधारण ५८ व्होल्टपर्यंत जातो. एनएमसी जातीच्या लिथियम पॅकमध्ये सेलचे १३ गट असतात. एका गटाची मर्यादा ४.२ व्होल्ट, म्हणून पूर्ण पॅक ५४.६ ला भरतो. एलएफपी जातीचे १६ गट असतील तर ३.६५ च्या हिशेबाने ५८.४. माझा पॅक ५४.६ चा, आणि चार्जर ५८ चा! रोज रात्री पॅकमधलं बीएमएस सर्किट मधे पडून प्रवाह तोडत होतं. एके दिवशी त्यानेच हात टेकले. बीएमएस हा शेवटचा पहारेकरी आहे. त्याला रोजच्या कामाला जुंपायचं नाही. म्हणून चार्जर घेताना पिन बघू नका, त्यावरचा ‘आउटपुट’ आकडा पॅकशी ताडून बघा.

आता जागेबद्दल. १२ सप्टेंबर २०२२ ची रात्र आपण हैदराबादकर विसरलेलो नाही. विसर्जन होऊन तीनच दिवस झाले होते. सिकंदराबादेत एका इमारतीच्या खालच्या भागातल्या ई-स्कूटर शोरूममध्ये आग लागली, धूर वरच्या हॉटेलात चढला आणि ८ जणांचे प्राण गेले. लिथियम बॅटरीचा धूर विषारी आणि ज्वालाग्राही असतो. खाली आग आणि वर जाणारा एकच जिना, असं झालं की माणसाला वाट उरत नाही. माझा पॅक दाराशी होता, म्हणजे आमच्या आईंच्या एकुलत्या एक वाटेवर. दाराशी, जिन्याखाली, पलंगाखाली, गॅस सिलिंडरजवळ बॅटरी चार्ज करायची नाही. मोकळी हवा, फरशी किंवा दगडी ओटा, आजूबाजूला पडदे-पुठ्ठे नाहीत, अशी जागा निवडा. एक्स्टेन्शन बोर्डही नको.

मे महिन्यात ऊन खाऊन आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका. तासभर थंड होऊ द्या. पावसाळ्यात कनेक्टर कोरडे आहेत ना, ते बघा. महिनाभर लातूर-नांदेडला गावी जाणार असाल तर पॅक अर्धा भरलेला ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामा ठेवू नका. बरेच महिने पडून पार उतरलेला पॅक ‘जिवंत’ करून देणारे मेकॅनिक भेटतील. त्यांना नमस्कार करून परत या. अशा सेलमध्ये आतलं तांबं विरघळून पुढे शॉर्ट होऊ शकतं.

दोन-तीन महिन्यांनी पॅक पूर्ण भरल्यावर जाणकाराकडून प्रत्येक गटाचं व्होल्टेज मोजून घ्या. तेरा भावंडांत एखादं ०.१ व्होल्टने मागे-पुढे पडू लागलं, तर ते आजारी आहे असं समजा. जुन्या लॅपटॉपचे सेल नव्यात मिसळू नका. चढावर गाडी बंद पडते म्हणून बीएमएस बायपास करून घेऊ नका. फुगलेला, ठेचलेला किंवा पुराच्या पाण्यात भिजलेला पॅक भंगारवाल्याला देऊ नका. बॅटरी परत घेणाऱ्या विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा केंद्रात द्या. आणि गाडीत बदल करण्यापूर्वी आरटीओचा नियम विचारून घ्या.

तरीही धूर निघालाच तर? पॅक उचलून बाहेर न्यायचा पराक्रम करू नका. जमलं तर मेन स्विच बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ ला फोन करा. लिथियमची बॅटरी आहे, हे त्यांना आधी सांगा. विझल्यासारखी दिसणारी आग काही तासांनीही पुन्हा पेटते, म्हणून लगेच घरात शिरू नका.

शेवटचं सांगतो. आपल्या मांडवात दहा दिवस समई तेवते. तिच्यापाशी रात्रभर कुणीतरी बसतं. पाळ्या लावतो आपण. समईत वाटीभर तेल असतं. स्कूटरच्या पॅकमध्ये त्याहून कितीतरी अधिक आग दडलेली असते, आणि तिला मात्र आपण एकटं सोडून झोपतो. आमच्याकडे आता चार्जिंग संध्याकाळी, गच्चीच्या पत्र्याखाली होतं आणि झोपण्यापूर्वी प्लग निघतो. प्लग काढायचं काम आमच्या सौ.नी स्वतःकडे घेतलं आहे. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही, आणि ते योग्यच आहे.

गणपती बाप्पा मोरया!